आग्रहाचं निमंत्रण आणि नामंजूर व्हिसा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ब्रिटिश सरकारने माझ्या गद्यलेखनाची अधिकृत दखल घेतलेली आहे. गेली वीस वर्षं मी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत लेख लिहितो. ते लेख खुद्द संपादकाने वाचल्याचाही पुरावा नाही. पण होम ऑफिसमधल्या, म्हणजे इथल्या गृहखात्यातल्या, एका अधिकाऱ्याने माझं पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं, त्यातलं एक वाक्य वेचून काढलं, अवतरणचिन्हांत घातलं आणि त्याच्या जोरावर फैसलाबादच्या एका सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला व्हिसा नाकारला. साहित्याचा समाजावर काही परिणाम होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

लंडनच्या हॅरो भागात आमचं घर सेमी-डिटॅच्ड आहे. म्हणजे घरं दोन, मधली भिंत एक, आणि भिंतीपलीकडच्याला कुठली भाजी फोडणीला पडली हे आपल्याला आपोआप कळतं. पलीकडच्या तळमजल्यावर एक तरुण पाकिस्तानी जोडपं भाड्याने राहतं. तो एका केमिस्टच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, वर्क व्हिसावर. ती तिकडे दातांची डॉक्टर होती. इथे परीक्षा देईपर्यंत कुणाच्या तोंडात बघायची तिला परवानगी नाही. तो मला ‘अंकल’ म्हणतो. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, मंडळाच्या नाटकात अजून नायकाच्या मोठ्या भावाचं काम करतो, पण तो मला अंकल म्हणतो. आमचं बोलणं हिंदी आणि उर्दू यांच्या मधल्या कुठल्या तरी पट्ट्यात चालतं. इथे ते मराठीत देतो, कारण माझी उर्दू छापण्याच्या लायकीची नाही.

आमच्या मैत्रीला एक नियम आहे. दोन्ही देशांचं एकमेकांशी बिनसलं की आम्ही फक्त कचऱ्यावर बोलतो. मध्ये तिकडे सीमेवर भडकलं होतं, त्या आठवड्यात आम्ही कुंपणापाशी उभं राहून रिसायकलिंगच्या बिनमध्ये दह्याचे डबे धुऊन टाकावेत की न धुता, यावर इतका सखोल विचार केला की दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी येऊन शिकावं. एरवी तो त्यांच्या तुरुंगातल्या नेत्याविषयी तावातावाने बोलतो, मी माना डोलावतो, आणि मग दोघं मिळून इथल्या सरकारला नावं ठेवतो. त्याला कायम राहण्याचा परवाना पाच वर्षांनी मिळणार होता. आता टीव्हीवर रोज कुणी तरी पाचाची दहा करायची भाषा बोलतं. तिकडचं सरकार त्याला बाहेरचा समजतं, इथलं पाहुणा. “अंकल,” तो म्हणतो, “मी नक्की राहतो कुठे?” मी म्हणतो, “भिंतीपलीकडे.” त्याला हसू येतं. मला माझा विनोद आवडतो.

तर गेल्या वर्षी त्याच्या बायकोला दिवस गेले. तिला आई नाही, लहानपणीच वारली. सासूवर तिचा जीव, आणि सासूचा तिच्यावर. दोघींचं ठरलेलं होतं की बाळंतपणाला सासूने यायचं. म्हाताऱ्या आईला इथे कायमचं आणायचा रस्ता जवळजवळ बंदच आहे, तेव्हा उरतो तो पाहुणी म्हणून सहा आठवडे यायचा व्हिसा. पण त्यांच्याकडे खोली एकच. त्याची आई झोपणार कुठे, हा प्रश्न अर्जातही होता. आमची मुलगी नॉटिंगहॅमला कायदा शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “माझं घर आहे. मी पत्र देतो.”

“अंकल, दोन ओळी पुरेत,” तो म्हणाला. “खोली आहे, त्या इथे झोपतील, एवढंच.”

दोन ओळी! मला! शाळेत निबंधाचा चषक मिळवलेल्या माणसाला!

दोन पानी पत्र झालं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकलमध्ये जाता-येता चार दिवस मी ते घासत होतो. पहिल्या पानावर मी आमच्या उपखंडातल्या अतिथिधर्माचा आढावा घेतला. दुसऱ्या पानावर कळस चढवला. आपल्याकडे पाहुण्याला ‘किती दिवस राहणार?’ असं विचारणं म्हणजे त्याच्या हातात बॅग देणं. पाहुण्याने ‘निघतो’ म्हणावं, आपण ‘छे, छे, इतक्यात कुठे!’ म्हणावं, त्याने चप्पल शोधावी, आपण ती लपवावी, अशी रीत. तेव्हा मी माझ्या सर्वोत्तम इंग्रजीत लिहिलं: ‘हे घर त्यांचंच आहे. त्यांनी मनाला येईल तितके दिवस राहावं. त्यांनी जायचं नाव काढलं तरी आम्ही त्यांना सहजासहजी जाऊ देणार नाही.’

बायकोला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. “अहो, जरा जास्त होत नाहीये का?” ती म्हणाली. मी म्हणालो, “आग्रहात जास्त असं काही नसतं.” तिने कणकेवर एक बुक्की मारली, ती मला उद्देशून होती असं आता वाटतं.

पाच आठवड्यांनी तो कुंपणापाशी आला. हातात फोन. नकाराचं पत्र आईने फैसलाबादहून पाठवलं होतं. अर्जदार मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं त्यात होतं. आणि त्याखाली, अवतरणचिन्हांत, माझा कळस.

मी दोनदा वाचलं. लाजेने सांगतो, पहिल्यांदा वाचताना माझ्या मनात आलं: बघा, वाक्य लक्षात राहण्यासारखं होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “अंकल, तुमचं मन चांगलं होतं,” एवढंच म्हणाला आणि दह्याचा डबा न धुताच बिनमध्ये टाकून गेला.

या नकारावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा रांगेत उभं राहायचं. बाळाला आठ आठवडे उरले होते. मी मुलीला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हा लेटर तू लिहिला? सीरियसली?”

“लिहिलं. पत्र लिहिलं.”

“बाबा, ग्रामर नंतर. तू लिटरली होम ऑफिसला सांगितलास की तू त्या आंटीला घरी जाऊ देणार नाही. दॅट्स नॉट हॉस्पिटॅलिटी, दॅट्स किडनॅपिंग!”

“अगं, तो आग्रह आहे.”

“त्यांच्याकडे आग्रहाचा बॉक्स नसतो टिक करायला. नवीन लिही. बोरिंग लिही. कधी येणार, कधी जाणार, का जाणार. नो अतिथी, नो धर्म. आणि पाठवायच्या आधी मला दाखव.”

‘का जाणार’ यासाठी आईशी बोलणं भाग होतं. रविवारी दुपारी मी, तो आणि त्याची बायको त्यांच्या स्वयंपाकघरात फोनसमोर बसलो. तिकडचं इंटरनेट अलीकडे फार रडतं. कुणी म्हणतं तार तुटली, कुणी म्हणतं सरकारच गळा आवळतं. आईसाहेब पडद्यावर आल्या आणि तोंड उघडं असतानाच गोठल्या. सुटल्यावर पहिलं वाक्य आलं.

“पत्र लिहिणारे जनाब तुम्हीच का?”

“जी, मीच.”

“हिंदुस्थानी आहात, म्हटलं इंग्रजी तरी बरं असेल. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एका वाक्यात चार विशेषणं? आमच्या आठवीच्या मुली लिहायच्या असं.”

सून ओढणीत तोंड लपवून हसली. सगळ्या प्रकरणात ती तेवढीच एकदा हसली. एरवी ती फारसं बोलायचीच नाही. “ठीक आहे, होईल,” म्हणायची आणि पोटावर हात ठेवून दुसरीकडे बघायची.

मी वही उघडली. “मॅडम, तुम्ही परत का जाल, याची कारणं हवीत.”

“म्हणजे नातवाला सोडून मला जायचंय, असं सरकारला लिहून देऊ?”

“तसंच काहीसं.”

“अजब सरकार आहे. जी आजी नातवावर प्रेम करत नाही तिलाच येऊ देतं!” त्या पुन्हा गोठल्या. या वेळी डोळे बारीक असताना. मग आवाज आला, चेहरा आला नाही. “लिहा. माझ्या गच्चीवर सोलरच्या पाट्या आहेत. वीज परवडत नाही आणि असतेही कुठे? गल्लीत सगळ्यांनी बसवल्यात. त्यांच्यावर धूळ बसली की पंखा मंदावतो. मी त्या रोज सकाळी स्वतः पुसते. नोकराने पुसल्या तर ओरखडे पडतात.”

मी लिहिलं: पाट्या.

“माझी नणंद माझ्याकडे असते. तिला दिसत नाही. सहा आठवडे भाची सांभाळेल, त्यावर एक दिवस नाही. आणि माझं मत आहे. आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुका होणार आहेत.”

“अम्मी, त्या कित्येक वर्षं होणारच आहेत,” मुलगा म्हणाला. “आणि तुम्ही मत देऊन काय होणार? आमचा माणूस आत आहे. मतपेटीत—”

“तू गप्प बस. तुला इथे येऊन मत द्यायला फुरसत नाही आणि तिथे बसून देता येत नाही. तू तिकडे व्हिटॅमिनच्या गोळ्या विक. या घराचं मत माझ्याकडे आहे.”

पुढची दहा मिनिटं फैसलाबाद आणि हॅरो यांच्यात तो तुरुंगातला नेता, त्याचे विरोधक आणि वीजबिलं यांवरून जी जुंपली, ती मी वहीत उतरवली नाही. मुलगा टेबलावर हात आपटत होता, आई गोठून गोठून उत्तरं देत होती, आणि मला प्रथमच जाणवलं की या तिघांपैकी आपल्या देशात मत देऊ शकेल अशी ही एकटीच होती, आणि तिलाच मी माझ्या अलंकारांनी दारात अडवलं होतं.

दुसरं पत्र अकरा ओळींचं झालं. येण्याची तारीख, जाण्याची तारीख, खोली, नणंद, पाट्या. मत मुलीने काढायला लावलं. “बाबा, ती इलेक्शन कधी आहे?” “ते तिथे कुणालाच माहीत नाही.” “देन लीव्ह इट आउट.” मी हळूच एक ‘सस्नेह’ घातला होता, तोही तिने उडवला. अर्ज गेला.

बाळ मात्र थांबलं नाही. तीन आठवडे आधीच आलं. मुलगा. बायकोने डिंकाचे लाडू केले, मी पोचवले. सून एकेक घास शिस्तीत खायची, “शुक्रिया, अंकल” म्हणायची. बापाची रजा पंधरा दिवसांत संपली आणि तो दुकानात गेला. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. माझं टेबल त्या भिंतीला लागून आहे. दिवसभर पलीकडे बाळ रडायचं, आणि त्याला घेऊन फिरणाऱ्या सुनेची पावलं: खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. माझी बायको जाऊन बसायची, पण सून मूल सोडायचीच नाही. “ठीक आहे, आंटी, होईल.” तिचे डोळे खोल गेले होते. मीटिंगमध्ये मेडनहेडहून बोलणारा आमचा साहेब कसले तरी आलेख दाखवायचा आणि मी त्या पावलांना मनातल्या मनात माझं वाक्य म्हणून दाखवायचो. एकेक शब्द, एकेक येरझार. ते वाक्य किती लांब होतं, हे तेव्हा कळलं.

बाळ चोवीस दिवसांचं झालं आणि व्हिसा आला.

हीथ्रोला गाडी मीच नेली. तो हक्क मी मागून घेतला. अंगात जाकीट, गळ्यात मंडळाच्या नाटकातली शाल. स्वागताचं उर्दू भाषण तयार होतं, आरशासमोर तीन तालमी झाल्या होत्या. त्यात क्षमायाचना होती, दोन्ही देशांच्या मातीचा उल्लेख होता आणि शेवटी गळा दाटून येण्याची जागा होती. आईसाहेब ट्रॉली ढकलत बाहेर आल्या. फोनवर वाटल्या होत्या त्याच्या निम्म्या उंचीच्या. मुलाला मिठी मारून झाल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दुसरं पत्र बरं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिलं वाचून मलाही वाटलं होतं, ही बाई काही परत यायची नाही.”

मी भाषणाला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात एक जड पिशवी दिली आणि पार्किंग कुठे आहे, असं विचारलं. गाडीतही जमलं नाही. सगळा रस्ता त्या बाळाचं वजन, दूध आणि शी यांची चौकशी करत होत्या. म्हटलं, हरकत नाही, दारात करू. दारातच खरा प्रसंग रंगतो.

घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. सून उभी होती. केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचा डाग, हातात रडून लाल झालेलं पोर. माझी बायकोही आमच्या दारातून धावत आली. सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. माझ्यासारख्या नटाला अशी जागा आयुष्यात एकदोनदाच मिळते. मी शाल सावरली, एक पाऊल पुढे टाकलं, हात उंचावला आणि म्हणालो, “आज या उंबरठ्यावर—”

सुनेने माझ्या उंचावलेल्या हाताखालून ते पोर सरळ सासूच्या कुशीत दिलं आणि म्हणाली,

“अम्मी, धरा याला, मी झोपायला चालले.”