रोझीच्या शिध्यातला बदल

आर्मी सर्व्हिस कोरमध्ये मी चौदा वर्षं काढली. लोकांना वाटतं आम्ही गोळ्या झाडत होतो. आम्ही पीठ, डाळ, डिझेल आणि मांस वेळेवर पोचवत होतो. कॅप्टन असताना माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका कॅम्पवर झाली. तिथे दीडशे माणसांच्या शिध्याबरोबर एका कुत्रीचा शिधाही माझ्याकडे होता.

हे आत्ता लिहिण्याचं कारण गजभिये वहिनी. जबलपूरला रांझीत त्यांची न् आमची भिंत एकच. त्यांच्या लॅब्रेडॉरचं, ब्रूनोचं, पोट महिन्यातून दोनदा बिघडतं. परवा त्या बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून पिशवी भरून आल्या.

"ताई, आता दर सोमवारी नवीन फूड. आधी मासा, मग बदक, मग मेंढी. वरून हे तेल, ही पावडर, अन् ह्या गोळ्या सांध्याच्या."

"ब्रूनो किती वर्षांचा?"

"दीड."

"मग सांधे काहून दुखून राहिले त्याचे?"

"दुखत नाही हो. पहलेसे दिलेलं अच्छा असते म्हणे. अन् रोज एकच खाऊन बोर नाही होत का तो?"

"वहिनी, बोर तुम्ही होऊन राहिल्या. तो कुत्रा आहे."

त्यांना राग आला. येऊ दे.

कॅम्पवरच्या रोझीला कधी बोर झालेलं मी पाहिलं नाही. तीही लॅब्रेडॉर, चार वर्षांची. काम स्फोटकं हुंगण्याचं. रोज 0530 ला रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासायला रोड ओपनिंग पार्टी निघायची. पुढे लांब दोरीवर रोझी, मागे तिचा हँडलर नाईक सुखराम मरावी, त्याच्या मागे बाकीचे. वास लागला की रोझी जागच्या जागी बसायची. चार किलोमीटर रस्ता तिनं हुंगल्याशिवाय एकही गाडी हलत नसे.

1700 ला तिचं जेवण. उकडलेलं मांस, दलिया, थोडी भाजी. रोज तेच. सुखराम स्वतः शिजवायचा, वेगळ्या भांड्यात. किचनच्या भिंतीवर काळा बोर्ड होता. त्यावर तो रोज खडूनं चार गोष्टी लिहायचा: वजन, शिधा, विष्ठा, बदल. तिसरा रकाना वाचून नवे अधिकारी हसायचे. कुत्र्याची विष्ठा बघायची ज्याला लाज वाटते, त्यानं कुत्रा पाळू नये. चौथ्या रकान्यात रोज एकच शब्द असायचा: नहीं.

सुखराम मंडल्याचा. मी जबलपूरची, म्हणून कोणी ऐकत नसलं की मला "अपने तरफ की मैडम" म्हणायचा.

त्या हिवाळ्यात कॅम्पवर एक मेजर साहेब नवीन आले. घरी पग पाळला होता, तेवढ्यावर ते स्वतःला श्वानतज्ज्ञ समजत. चार दिवसांनी मोठ्या साहेबांची व्हिजिट होती. मेजर साहेबांना रोझीचं अंग चकाकायला हवं होतं. त्यांनी शहरातून एक खोका मागवला. त्यात डबाबंद खाणं तीन चवींचं, माशाचं तेल, केसांना चमक आणणारी पावडर.

"कैप्टन, आज शाम से यही। रोज़ एक जैसा खाकर डॉग का मोराल डाउन होता है।"

सुखराम सावधान उभा राहून म्हणाला, "सर, सात दिन लगेंगे। पहले चौथाई नया, फिर आधा।"

"डॉग है मरावी, दामाद नहीं।"

लेखी आदेशाशिवाय शिधा बदलत नाही, हा नियम. सुखराम माझ्याकडे पाहत राहिला. व्हेटर्नरी ऑफिसर खालच्या बेसवर होते. फोन चालू होता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी डिझेलचा ताफा यायचा होता, वादाला वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि आदेशावर सही केली.

सकाळी 0500 ला सुखरामनं रिपोर्ट दिला. "डॉग अनफिट।" रोझी पाच वेळा बाहेर जाऊन आली होती. तिच्यानं उभं राहवत नव्हतं.

मेजर साहेब म्हणाले, ताफा थांबणार नाही. पार्टी मेटल डिटेक्टर घेऊन जाईल. डॉग नसेल तर हँडलरनं जायची गरज नसते. सुखराम बूट बांधत होता.

"तू काहून चाललास?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळायचं.

"रोज़ का रास्ता है मैडम। रोज़ी कहाँ-कहाँ रुकती है, मुझे मालूम है।"

0655 ला रेडिओ आला. "दूसरी पुलिया क्लियर। आगे बढ़ रहे हैं। ओवर।"

0702 ला आधी आवाज आला, मग रेडिओ.

"ब्लास्ट। एक कैज़ुअल्टी। मरावी। ओवर।"

"कंडीशन बताओ। एम्बुलेंस भेज रही हूँ। ओवर।"

"मैडम, एम्बुलेंस की जल्दी नहीं है।" ओवर म्हणायला रेडिओवरचा जवान विसरला.

सुरुंगात धातू नावालाच होता. डिटेक्टर गप्प राहिला. रोझी असती तर बसली असती.

ती तीन दिवसांत बरी झाली, जुन्याच शिध्यावर. नव्या हँडलरबरोबर पुढे तिनं बरंच काम केलं. खोक्यातले उरलेले डबे मी खड्ड्यात पुरले.

शिधा कधी बदलूच नये, असं मी म्हणत नाही. कारण असेल तर बदला. सात दिवस घ्या, विष्ठा बघा, आणि पावडर डॉक्टरनं तपासून सांगितली तरच द्या. बाकी सगळं माणसाच्या हौसेचं आहे. हौस माणसाची, पोट कुत्र्याचं. वहिनींनाही हेच सांगितलं. त्यांनी गोळ्या तेवढ्या परत केल्या.

इन्क्वायरीच्या आदल्या दिवशी मेजर साहेबांनी डॉग किचन रंगवून घेतलं, बोर्डासकट. पण सुखराम गेला त्याच संध्याकाळी 1700 ला मी तिथे गेले होते. रोझीचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं. बोर्डावर आदल्या दिवसाची ओळ होती. चौथ्या रकान्यात त्याच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: हाँ। आदेश से।

कोणाच्या आदेशाने, ते त्यानं लिहिलं नव्हतं. इन्क्वायरीत मी दोन नावं सांगितली. दुसरं माझं.