बिनफळीचं टेबल

भीमरावांनी उभं आयुष्य सुतारकाम खाली बसूनच केलं. प्लाय पायाने दाबायचा आणि कापायचा. करवतीच्या जागी मशीन आलं, बसणं तेच राहिलं. मग एका हिवाळ्यात गुडघ्यांनी नकार कळवला आणि डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला.

"अहो, सोडा आता. घरी बसा," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"घरी बसायलाही गुडघेच लागतात."

भीमरावांनी टेबल केलं. पायांना बिजागऱ्या, वर गुळगुळीत फळी. घडी केली की लुनामागे बांधता येई. आता उभ्याने कापता आलं तर धंदा राहणार होता, नाहीतर संपला.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या मजल्यावर संगणकवाल्यांना बसायला लाकडी खुराडी करायचं काम भीमरावांकडे होतं. मजल्यावर दुसरं टेबल नव्हतं. घोळ तिथेच झाला.

सकाळी साइट इंजिनिअर पियुषने त्यावर नकाशे पसरले. "काका, पाचच मिनिटं." नकाशे उठले तसा प्लंबरने डबा उघडला. दुपारी रंगारी आडवा झाला. हलवल्यावर म्हणाला, "मस्त केलंय काका, डुगडुगत नाही."

भीमरावांनी पाटी लावली : 'हे टेबल कापण्यासाठी आहे. टेकण्यासाठी भिंत आहे.' ती वाचायला लोक जमले, आणि वाचता वाचता टेबलाला टेकले.

"काका, काम फार मागे पडलंय. असंच चाललं तर दुसरा सुतार बघावा लागेल," पियुष म्हणाला. त्याचा चहा टेबलावरच होता.

घरी हे ऐकून चंद्रभागाबाई दारातल्या बाजेवर बसत म्हणाल्या, "आमच्या बाजेवर बरा कोणी चहा ठेवत नाही."

भीमरावांनी बाजेच्या विणीकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून टेबलाची फळी उचकटली. चौकटीत नुसत्या आडव्याउभ्या पट्ट्या ठोकल्या, मध्ये वीत वीत मोकळी जागा.

दुसऱ्या दिवशी पियुषचा चहा आरपार जमिनीवर गेला.

"काका, हे अर्धवट राहिलंय."

"हो. असंच राहणार आहे."

त्यांनी अख्खा प्लाय पट्ट्यांवर टाकला. मशीन चालू झालं. पातं खालच्या मोकळ्या जागेतून सरळ धावलं. एखादी पट्टी कापली गेली तर दुसरी ठोकता येणार होती. रंगारी आला, टेबलाकडे पाहिलं आणि मुकाट्याने जमिनीवर आडवा झाला.

भीमराव त्याला वळसा घालून पुढचा प्लाय आणायला गेले.