हिरवी चाकं आणि टँकर

दुष्काळाच्या त्या वर्षी मी मुकुंदवाडीहून चितेगावच्या कारखान्यात सायकलवर जायचो. पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्यांना बाजूनं दिसावं, म्हणून दोन्ही चाकांच्या स्पोकला हिरव्या दिव्यांची पट्टी बांधली. बॅटरीच्या वजनानं चाक डुगडुगायला लागलं, तेव्हा चाकाच्या विरुद्ध बाजूला तेवढ्याच वजनाचे नट बांधले. ट्रकवाल्यांवर काडीचाही परिणाम झाला नाही.

गल्लीवर झाला. मी निघाल्यावर थोड्याच वेळात नाक्यावर पाण्याचा टँकर यायचा. हिरवी चाकं दिसली की बायका हंडे घेऊन निघायच्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एकटा माणूस, कारखान्यातूनच कॅन भरून आणायचो.

एका सुट्टीला मी झोपून राहिलो. टँकर आला, कुणी दिसेना म्हणून भरलेलाच निघून गेला. शेजारच्या काकूंनी माझं दार बडवलं. "सुट्टी व्हती तर नुसती सायकल तरी फिरवून आणायची!"

पुढच्या सुट्टीला पहाटे उठून गल्लीत चक्कर मारली. सायकलला कुलूप लावून, हंडा घेऊन नाक्यावर पोचेस्तोवर रांगेत माझा नंबर शेवटचा. पाणी काकूंच्या हंड्यापाशी संपलं.

"लवकर यावं की, भाऊ," त्या म्हणाल्या.