खिडकीतलं मिठाचं पोतं

पेणच्या खाडीचा बांध फुटला आणि मिठागर पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी हौसाबाईंचा नवरा कान्हू वारला. मग त्या रोह्याला मुलाकडे, सुजयकडे, राहायला आल्या. सामान काय, तर कपड्यांची पिशवी आणि कान्हूच्या हातच्या शेवटच्या मिठाचं एक लहानसं पोतं.

सुजयचं घर भाड्याचं, हैबतरावांच्या घराचा वरचा मजला. पोतं काखेत धरून हौसाबाईंनी सगळं घर हिंडून पाहिलं आणि ते बाथरूमच्या खिडकीत ठेवलं.

"वारा काय तो इथंच हाय गो," त्या सुनेला म्हणाल्या. "मिठाला वारा लागतो. कोंडलं की पाणी सुटतं."

"बरं आई," अनिता म्हणाली. ती तशी कमीच बोलायची.

श्रावणात बाथरूमच्या छताला काळे ठिपके आले. बघता बघता कोपरे काळवंडले, दाराच्या वरपर्यंत बुरशी चढली. चिमुकल्या नातीचा, किमयाचा, खोकला काही थांबेना. डॉक्टरांनी घरात ओल आहे का विचारलं आणि बुरशी काढायला सांगितलं. सुजयने ठरवलं, रविवारी पोरीला गागोद्याला, अनिताच्या माहेरी, पोचवायचं. पाऊस संपला की आणायचं.

किमया आजीच्या कुशीतच झोपायची. तिची पिशवी भरलेली दिसली तेव्हा हौसाबाईंनी पदर खोचला.

दुपारी पोर बालवाडीत, अनिता कामावर. नाकाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून त्या भिंत घासू लागल्या. खालून हैबतराव ओरडले, "हौसाबाई, भिंत माझी हाय! भोक पाडू नका!"

"भिंत तुमची, मग बुरशी पण न्या की खाली!"

"ती भाडेकरूची!" म्हणत ते हसले.

वास बाहेर जावा म्हणून हौसाबाई खिडकी उघडायला गेल्या. काचेच्या पट्ट्या हलेनात. पोतं आड येत होतं. त्यांनी ते उचललं, तर खाली प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात खारं पाणी. बाजूला अनिताच्या जुन्या ओढणीचं फडकं, पिळून पिळून मिठाने कडक झालेलं.

हा ट्रे त्यांनी ठेवला नव्हता.

संध्याकाळी अनिता आली तेव्हा हौसाबाई ते फडकं हातात घेऊनच बसल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आणि रोज पुसत होतीस? बोलली का नाय गो?"

अनिताने चप्पल नीट लावून ठेवली. मग म्हणाली, "बाबांचं मीठ. हलवा म्हणायला जीभ नाय रेटली. वाटलं, पुसलं की भागंल."

हौसाबाईंनी ते कडक फडकं मांडीवर पसरलं. मिठागराच्या वाऱ्यात जन्म गेलेली बाई, आणि घरातली वाऱ्याची एकुलती एक खिडकी आपणच बुजवली. इतके दिवस मिठाची ओल सून गुपचूप पुसत राहिली, आणि चेहऱ्यावर कधी आठी नाही.

"मिठाला वारा पायजे, आणि माझ्या नातीला नको व्हय?" त्या स्वतःवरच चिडून म्हणाल्या. "येडी आहेस गो तू. माझ्यापेक्षा थोडी कमी."

अनिता खुदकन हसली.

सुजयला त्यांनी आठवडाभर थांबायला लावलं. हैबतरावांनी अडकलेल्या पट्ट्यांना तेल घालून दिलं, वर बाहेरच्या गळक्या पाइपालाही सिमेंट लावलं. दोघींनी मिळून उरलेले डाग घासून काढले, भिंत कोरडी पुसली. आंघोळ झाली की वायपर फिरवायचा, दार उघडं टाकायचं, ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. हौसाबाईंचं त्यावर बारीक लक्ष. सुजय एकदा वायपर न फिरवता बाहेर आला, तर "कंपनीत पण असंच काम अर्धं टाकतोस का रे?" म्हणून त्याला परत आत पाठवलं.

पुढच्या रविवारी सुजयने भिंतीवरून हात फिरवला. कोरडी होती. किमयाचा खोकलाही उतरला होता. त्याने पिशवीतले फ्रॉक काढून परत कपाटात ठेवले.

पोतं आता स्वयंपाकघरात आलं. इतके दिवस त्यातला खडाही कुणी वापरला नव्हता. हौसाबाईंनी तोंडाची गाठ सोडली, पावसाची हवा लागू नये म्हणून मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरलं आणि बरणी चुलीपाशी, सुनेच्या उजव्या हाताला ठेवली.

"आजच्या कालवणात घाल," त्या म्हणाल्या. "आणि संपलं तर संपू दे."