डाव्या हाताचं ऊन

गाडी दारात उभी करायची, खिडकीची काच पूर्ण खाली, डावं कोपर बाहेर आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "बसा निवांत. वेळ भरपूर आहे." विमान सुटायच्या बेतात असलेल्या माणसालाही काका हेच सांगत. आणि अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या वस्तीत त्यांच्यामुळे कुणाचंही विमान चुकलं नाही. चुकलं ते आयत्या वेळी बॅगा पुन्हा काट्यावर चढवणाऱ्यांचं.

तुमच्याही वस्तीत असे एखादे काका असतील, शोधा. आमचे सांगलीचे, वीज मंडळातून निवृत्त होऊन लेकीकडे कायमचे राहायला आलेले. सांगलीत त्यांनी जन्मभर सायकल चालवली. इथे येऊन, साठी उलटल्यावर, ते गाडी शिकले, दोनदा नापास झाले, आणि लायसन्स हातात पडलं त्या दिवशी त्यांनी घरोघरी पेढे वाटले. तेव्हापासून कुणाचे आईवडील येणार असोत की जाणार, एअरपोर्टसाठी फोन काकांना. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर रागावायचे. लिंबाचं लोणचं मात्र नाकारत नसत.

गाडीतला एसी त्यांना वर्ज्य होता. "एसीनं सांधे धरतात," म्हणायचे. त्यामुळे पाहुण्यांचे केस अटलांटिक ओलांडताना विस्कटले नसतील इतके काकांच्या गाडीत विस्कटत.

तर त्या उन्हाळ्यात काकांच्या डाव्या हाताला पुरळ उठलं. लालभडक, खाजरं, बाहीच्या कडेपासून मनगटापर्यंत. थोडं डाव्या गालावरही. उजवा हात मात्र लग्नाला निघाल्यासारखा स्वच्छ.

मग काय, वस्तीतल्या प्रत्येकाला वैद्यकी आली. कुणी साबण बदलायला लावला, कुणी वांगी बंद केली. एका मावशींनी डाव्या कुशीवर झोपणं सोडायला सांगितलं. काकूंनी हळदीचा लेप लावला, त्याने पुरळ जिथल्या तिथे राहिलं आणि स्टिअरिंग पिवळं झालं. काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "करून बघू. आपलं काय जातंय?"

जात होतं ते हळूहळू लक्षात आलं. कुणीतरी कुणाला म्हणालं की हे संसर्गाचं असेल, लहान मुलं बसतात त्या गाडीत. तोंडावर कोणी बोललं नाही. फक्त फोन येईनासे झाले. "काका, या वेळी कॅब बुक केलीय, तुम्हाला कशाला त्रास." शेवटी लेकीनेच सांगितलं, "बाबा, डॉक्टर बघेपर्यंत ड्राइव्ह करू नका प्लीज," आणि किल्ली कपाटात ठेवली.

काका अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. समोरून बॅगा भरलेली कॅब गेली की मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. मला ते बघवत नसे. "त्यानं डावं वळण चुकीच्या लेनमधून घेतलं," एवढंच एकदा म्हणाले.

त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तेव्हा लेकीची मीटिंग होती, म्हणून मी घेऊन गेले. वाटेत त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगमधल्या इतक्या चुका काढल्या की माझंच लायसन्स जाईल असं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी चांगली होती, बाहीखालचीही. "नवीन काही औषध?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नो मेडिसिन," काका म्हणाले. "ओन्ली शुगर टॅब्लेट. आय टेक विथ टी."

म्हणजे चहाबरोबर घेतलेली गोळी ही बिस्किटात जमा. ती गोळी वसंतातच बदलली होती, हे मी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "तुम्ही गाडी चालवता?"

काकांचा चेहरा उतरला. "नो," ते म्हणाले. "नेव्हर."

बाई गोंधळल्या. मी काकांकडे बघितलं. एअरपोर्टच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा पाठ असलेला माणूस बुटाच्या नाड्यांकडे बघत होता. "काका," मी म्हटलं, "खरं सांगा. लायसन्स कोणी घेत नाही."

"थोडीशी चालवतो," ते पुटपुटले. "एअरपोर्टपर्यंत." आणि मग न विचारता डावं कोपर उचलून हवेतल्या खिडकीवर ठेवून दाखवलं.

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. शुगरच्या काही गोळ्यांनी काहींची कातडी उन्हाला सोसेनाशी होते, त्यांनी समजावलं. ऊन ज्या हाताला, पुरळ त्या हाताला. गोळी मनाने बंद करायची नाही, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून बदलून घ्यायची, आणि तोवर हात झाकायचा. कोणाला लागायचं नाही हे.

"सांगलीत असतो तर उजव्या हाताला झालं असतं," बाहेर आल्यावर काका म्हणाले. मी गाडीची किल्ली त्यांच्यापुढे केली, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या ग्रुपवर काकांच्या नेहमीच्या सुप्रभातच्या गुलाबाऐवजी त्यांच्या हाताचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "हे संसर्गजन्य नाही. सोमवारपासून सेवा पूर्ववत." काकूंनी जुन्या रेघांच्या शर्टाची एक बाही कापून, वर-खाली इलॅस्टिक घालून दिली. ती एकच बाही चढवून काका पुन्हा निघाले. नवी गोळी मानवली, पुरळ गेलं, पण बाही राहिली. काच वर करायला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

लेकीची बदली सिॲटलला झाली. "तिथे म्हणे सूर्यच नाही. गोळी उगाच बदलली," असं म्हणून काका हसले. त्यांना एअरपोर्टला सोडायला अख्खी वस्ती तयार होती, पण स्टिअरिंगवर तेच बसले. मी शेजारी, काकू मागे. गाडी त्यांच्याकडून मीच विकत घेतली होती. उतरताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि बाही काढून आरशाला अडकवली.

परवा शेजारणीच्या आईंना सोडायला गेले. मावशी खूप घाबरलेल्या, पासपोर्ट दर मिनिटाला चाचपत होत्या. माझ्या दंडावरून घसरणारी ती ढगळ बाही बघून म्हणाल्या, "हाताला काय झालं गं तुझ्या?"

"काही नाही मावशी, ऊन आहे," मी काच खाली केली. "बसा निवांत."