पेटी कुलपात, फाईल उघड्यावर

एचआयव्ही तपासणीच्या खोलीत समुपदेशक म्हणून दहा वर्षं बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दार ढकलून आत येतात. मैत्रिणी म्हणतात, लिही, मजा येईल. मजा नाही येत, डोकं तापतं.

कंडोमची पेटी बाहेर भिंतीवर लावायची असते, कुणालाही न विचारता घेता यावं म्हणून. आमच्या मोठ्या साहेबांनी ती केबिनमधल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पोरं फुगे करतात म्हणे. वर्षभर कुणी मागायला गेलं नाही. अहवालात लिहिलं, ‘मागणी नाही.’

*

धडगावकडच्या पाड्यावर पोस्टर लावलं, ‘असुरक्षित शरीरसंबंध टाळा.’ तिथे घरोघरी पावरी बोलतात. चित्रातलं जोडपं बघून एका म्हाताऱ्याने विचारलं, हे दोघं कोणत्या पक्षाचे? मी पावरीतून सांगायची परवानगी मागितली. उत्तर आलं, मंजूर मजकुरात बदल नको.

*

एका शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, सगळं सांगा, फक्त ‘ते’ नको. मी तासभर हात धुण्याबद्दल बोलले. हा राग माझा माझ्यावरच आहे.

*

एड्स दिनाच्या रॅलीत साहेबांना फोटोसाठी एक पॉझिटिव्ह पेशंट हवा होता. मी म्हटलं, “माझा काढा.” साहेब दोन पावलं मागे सरकले.

*

शहाद्याकडची एक सून, सुमन म्हणू तिला. गरोदरपणात पॉझिटिव्ह निघाली. वॉर्डातल्या सिस्टरने फाईलवर लाल पेनाने ठळक लिहून ठेवलं. दुपारी सासूने वाचलं, संध्याकाळी सुमन माहेरी. तपासणीला ये म्हणून नवऱ्याला मी कितीदा फोन केले, तो आला नाही.

सुमनने एकही गोळी चुकवली नाही. बाळाला औषध पाजलं. दीड वर्षाने शेवटची तपासणी झाली, मुलगा निगेटिव्ह.

ही बातमीही सासरी लगेच पोचली. लेखी रिपोर्ट घ्यायच्या दिवशी सासू सुमनच्या नवऱ्याला घेऊन माझ्या खोलीत हजर. सुमनचं काय ते तिचे भाऊ बघतील म्हणाली, आणि बाळाला न्यायला हात पसरले.

“नातू आम्हना शे. आम्ही लई जातस.”

माझं रक्त उसळलं. मी बोलणार, तेवढ्यात सुमनने बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नवऱ्याकडे बोट दाखवलं, आवाज जराही चढवला नाही.

“पयले यान्हं रगत तपासा. मंग नातू मांगा.”

सासूने मुलाकडे पाहिलं. तो दाराशी जाऊन चप्पल शोधायला लागला.