बंदवाला व्हॉल्व्ह

गल्लीत बातमी फुटली ती दूधवाल्याकडून. पानाशेठ म्हणे सकाळी सकाळी जीपमध्ये एका बाईला शेजारी बसवतो, काचा वर करतो आणि गुलूगुलू बोलत बसतो. बायको आत अंथरुणावर, आणि याला या वयात हे सुचतं. बातमी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पोचेस्तोवर त्या बाईला लाल शाल मिळाली होती, आणि वाण्याच्या दुकानातून बाहेर पडताना तिचं वय चांगलं दहा वर्षांनी उतरलं होतं.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. शाल लाल होती, एवढं दूधवाल्याचं बरोबर. पण सीटवर बाई नव्हतीच, नुसती शाल होती, घडी घालून ठेवलेली. तीही वहिनींची, म्हणजे पानाशेठच्या लग्नाच्या बायकोची. राहिलं गुलूगुलू. तर तो बोलत होता हीटरशी, आणि जे बोलत होता ते कानावर पडलं असतं तर दूधवाल्याचं दूध कॅनमध्येच नासलं असतं.

पानाशेठ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. खिशात कायम एक पाना असतो म्हणून पाना, आणि खिशात दुसरं काही नसतं म्हणून शेठ. त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून पान्याचं डोकं बाहेर आलेलं आहे. जन्मभर तो रस्ते बांधणाऱ्या खात्यात ड्रायव्हर होता. म्हणजे जिथं रस्ता नाही तिथं रस्त्याच्या साहेबांना न्यायचं, ओढ्यातून, चिखलातून, दगडांवरून, आणि त्यांची झोप न मोडता परत आणायचं. पुढं खात्यानं त्याला आणि त्याच्या जीपला एकाच वर्षी मोडीत काढलं. त्यानं जीप घरी आणली. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, बरं झालं, सवत इतकी वर्षं बाहेर होती, आता डोळ्यांसमोर तरी राहील.

याच सवतीवर पुढं वहिनींचा जीव टांगला गेला. त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसचं हॉस्पिटल खिंडीच्या पलीकडं. खिंडीतला रस्ता अर्धा वाहून गेलेला, बस लांबून वळसा घालून जाते, आणि तिकडं वेळ पाळावी लागते. तेव्हा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पानाशेठ आणि वहिनी जीपनं खिंड ओलांडायचे. वहिनींना सुईचं काही वाटत नसे. नर्सला त्या स्वतःच शीर दाखवायच्या. त्यांना भीती होती ती परतीच्या थंडीची. रक्त धुऊन निघालेलं माणूस आतून गार पडतं, आणि खिंडीतला वारा तर दाराच्या रबरातून सुईसारखा आत येतो. पण हीटर होता. पायापाशी ऊब यायची, वहिनी डुलकी काढायच्या, आणि घर आलं की म्हणायच्या, आलं पण? एवढ्यात?

मग एका फेरीला हीटर गार पडला.

पानाशेठनं बोनेट उघडलं आणि लगेच दुखणं ओळखलं. इंजिनातलं गरम पाणी आतल्या हीटरकडं जातं, त्या वाटेवर एक प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो. मोकळा असला की उघडा. हीटरचं बटण ‘बंद’वर नेलं की इंजिन एका बारीक नळीतून हवा शोषून त्याला ओढून धरतं आणि तो मिटतो. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं तो ठिसूळ झाला होता. मिटला तो मिटलाच, आणि हात लावताच त्याचा कान तुटून पानाशेठच्या बोटांत आला.

असला जुना माल सगळ्या गावात एकाच दुकानात मिळण्यासारखा, आणि ते दुकान त्याच्या धाकट्या भावाचं. इथं गाडं अडलं. बापाचं गॅरेज धाकट्यानं पुढं स्पेअर पार्टचं दुकान केलं, त्याच्यावर नवी पाटी लावली, आणि जुन्या पाटीवरचं ‘आणि बंधू’ नव्या पाटीवर आलं नाही. धाकटा म्हणे, पेंटरला जागा पुरली नाही. पानाशेठ म्हणे, जागा पाटीवर कमी नव्हती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर आले तर एक जण चपलेत खडा गेल्यासारखं वाकायचा.

दोघांच्या मधे शिंपी. त्याचं दुकान दोन्ही घरांच्या मधोमध, त्यामुळं निरोप त्याच्या मार्फत जायचे. पण शिंप्याची सवय हातालाच नव्हे, जिभेलाही होती. कापड असो की निरोप, तो काठ कापून, दुमडून, थोडा आखूड करूनच पुढं द्यायचा. पानाशेठनं त्याला नीट सांगितलं होतं की जीपच्या हीटरचा व्हॉल्व्ह बंद पडलाय, तसाच दुसरा हवा, मोकळा असताना उघडा राहणारा. शिंपी धाकट्याच्या काउंटरवर जाऊन म्हणाला,

“दादाला जीपचा व्हॉल्व्ह पाहिजे. बंदवाला.”

झालं. दुकानात दोन्ही जातीचे होते, एकाच साच्यातून काढल्यासारखे. एक मोकळा असताना उघडा, दुसरा मोकळा असताना मिटलेला, ओढला की उघडणारा. दादाच्या जीपला पहिला लागतो हे धाकट्याला झोपेतही सांगता आलं असतं; त्या जीपखाली तो दादाबरोबर पालथा पडून वाढला होता. त्याचा हात पहिल्यावर गेलाही. मग थांबला. दादानं बंदवाला मागितलाय, दादाला काय ते कळत असेल, आपण शहाणपणा केला तर पुन्हा पाटीपासून सुरुवात होईल. एक फोन पुरला असता. त्यानं मागितलेला दिला.

आणि पानाशेठनं तो लावला. जोडण्याआधी फुंकर मारून बघायची असते, वारा पार जातो की नाही. साहेबांनी आणलेला पार्टही तो फुंकल्याशिवाय लावत नसे. या वेळी नाही फुंकला. इतक्या वर्षांत त्यानं भावाला बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं, पण भावाच्या मालावर कधी बोट ठेवलं नव्हतं. जुन्या क्लिपा सोडवल्या, सांडलेल्या कूलंटची भर घातली, इंजिन तापवलं आणि व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपला हात लावला. चटका बसला. गरम पाणी पुढं जात होतं. हीटरचं बटण तेव्हा ‘बंद’वर होतं, आणि म्हणूनच जात होतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तो तसाच काळ्या हातानं आत गेला आणि वहिनींना सांगितलं की आता बघ, नुसती भट्टी.

खिंड लागली तेव्हा त्यानं ऐटीत बटण ‘चालू’वर केलं आणि पंखा सोडला. बर्फासारखा वारा थेट वहिनींच्या पायांवर आला. त्याला वाटलं, पाण्यात हवा अडकली असेल. खिंडीत गाडी उभी करून त्यानं पाइप दाबले, झाकण सोडलं, बोनेटला लाथही घातली. मघाचा चटक्याचा पाइप आता गार. जाताना निभावलं. येताना वहिनी शालीत, शालीवर त्याचा कोट, कोटावर पाय पुसायचं पोतं, आणि तरी दात वाजत होते. तो दर वळणाला म्हणत होता, आता येईल, आता येईल.

“बंद करा ते,” वहिनी म्हणाल्या.

त्यानं बटण ‘बंद’वर नेलं आणि पंखाही बंद केला. पंखा तेवढा चालू राहिला असता तर त्याच क्षणी वहिनींच्या पायांवर ऊब आली असती. त्या उलट्या व्हॉल्व्हची सगळी ऊब ‘बंद’च्या मागंच होती. उरलेली खिंड दोघांनी तशीच काढली.

घरी वहिनींनी चहा घेतला नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, पुढच्या वेळी मी येणार नाही. रागानं नाही. भाजी संपली म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी पानाशेठनं व्हॉल्व्ह काढला आणि फुंकला. गाल फुगले, वारा पार गेला नाही. मग तो शिंप्याकडं गेला. शिंप्यानं आपलं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं आणि विचारलं, यात माझं काय चुकलं, बंदच म्हणाला होतास ना? पानाशेठ आल्या पावली परतला. बंदच म्हणाला होता तो.

शिंप्याकडून घोळ कळताच, निरोपाची वाट न बघता, संध्याकाळी धाकटा स्वतः आला, उघडा राहणारा व्हॉल्व्ह घेऊन. दोघं बोनेटमध्ये वाकले. पाना मागायचा तर एकानं नुसता हात पुढं करायचा, दुसऱ्यानं ठेवायचा, लहानपणीसारखं. लावण्याआधी धाकट्यानं व्हॉल्व्ह दादापुढं धरला. पानाशेठनं फुंकला. वारा थेट धाकट्याच्या तोंडावर गेला. नव्या जोडणीवर गाडी खरोखर भट्टी झाली, काचांवर वाफ धरली.

पानाशेठ धावत आत गेला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

“मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. चल, दारापर्यंत येऊन हात लावून बघ, म्हणून त्यानं विनवलं. त्यांनी पाय पोटाशी घेतले. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला, तो त्यांनी कानाला लावला आणि हो हो म्हणून ठेवून दिला. ठरलेला दिवस गेला. पाय सुजले, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला, आणि समाचाराला आलेल्या बायका बाहेर पडून म्हणू लागल्या की वहिनी जरा बाळसं धरतायत. पानाशेठनं ते ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून तो रोज उजाडता जीप तापवतो, दिवस ठरलेला असो वा नसो. शाल शेजारच्या सीटवर ठेवतो, म्हणजे तीही ऊन व्हावी. तोंड हीटरकडं, खिंडीतल्या दग्याबद्दल त्याला शिव्या मोजत, डोळे वहिनींच्या खिडकीकडं. पडदा हलत नाही. दूधवाल्याला दिसली ती बाई एवढीच.

आज धाकट्यानं येऊन काचेवर टकटक केली. मग म्हणाला, दादा, वहिनी नाही म्हणाल्यात ना, मग रोज हे इंजिन कशाला जाळतोस?

पानाशेठनं काच बोटभर खाली केली, ऊब बाहेर जाऊ नये इतपतच.

“ती नाही म्हणाली ते गार गाडीला. गाडी पुन्हा गरम झाल्यापासून ती बसलीय कुठं?”